पांच वैमानिक आणि एक जखमी विमान

ज्यांतील कोणीच विमानानें प्रवास करीत नाहीं, असें सुशिक्षित कुटुंब आजकाल विरळेंच आढळेल. मुलगा अमेरिकेंत, पुतणी सिंगापुरांत, आणि नातवाच्या मुंजीसाठीं आजी-आजोबाच समुद्र ओलांडून निघालेले, हें चित्र आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. निरोप देऊन घरीं परतलेलीं वडील माणसें, प्रवासी सुखरूप पोंचल्याचें कळेपर्यंत स्वस्थ झोंप घेत नाहींत. त्यांच्या मनांत एक प्रश्न घोळत असतो आणि अशुभ बोलूं नये म्हणून तो कोणी उच्चारीत नाहीं. वाटेंत इंजिन बिघडलें तर काय? या प्रश्नाचें उत्तर केवळ यंत्रशास्त्रांत सांपडत नाहीं. यंत्र बिघडल्यावर त्याच्यापाशीं बसलेलीं माणसें एकमेकांशीं कशीं बोलतात आणि एकमेकांचें कसें ऐकतात, यावरही तें पुष्कळसें अवलंबून असतें. हेंच दोन सत्य घटनांच्या आधारें येथें मांडावयाचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. एक इंजिन बंद पडलें म्हणजे विमान दगडासारखें खालीं कोसळतें, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नव्हे. दोन इंजिनांचें प्रवासी विमान असें बांधावें लागतें, कीं जमीन सोडण्याच्या ऐन क्षणीं त्यांतील एक निकामी झालें, तरी उरलेल्या एकाच्या बळावर त्यानें वर चढावें, वळसा घ्यावा आणि पुन्हां खालीं उतरावें. या प्रसंगाची तालीम वैमानिकांकडून जमिनीवरील नकली विमानकक्षांत वारंवार करून घेतली जाते. इंजिनाच्या पोटांतील उष्णता, तेलाचा दाब आणि कंप मोजणारीं उपकरणें अखंड जागीं असतात. मर्यादा ओलांडली गेली, कीं वैमानिकांसमोरील पडद्यावर अक्षरें उमटतात आणि घंटेसारखा नाद होतो. तत्काळ कृति मागणारा इशारा लाल रंगाचा, आणि केवळ सावध करणारा पिवळसर, असा संकेत आहे.

इशारा मिळाल्यावर काय करावयाचें, याचा क्रमही ठरलेला असतो. एकानें विमान उडवीत राहावयाचें. दुसऱ्यानें उपायांची यादी वाचून एकेक कृति पार पाडावयाची. आधीं विमान सांभाळावें, मग दिशा पाहावी, आणि त्यानंतरच जमिनीवरील लोकांशीं बोलावें. एखादें इंजिन बंद करणाऱ्या कळीला हात लावण्यापूर्वीं ती कळ त्याच इंजिनाची आहे, याची दोघांनींही डोळ्यांनीं पाहून व तोंडानें बोलून खातरी करावयाची असते. नियम ऐकतांना क्षुल्लक वाटतो. त्याचें मोल किती, तें पुढील घटनेवरून ध्यानांत येईल.

८ जानेवारी १९८९ च्या रात्रीं लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ब्रिटिश मिडलंड कंपनीचें बोइंग ७३७ जातीचें विमान १२६ माणसांना घेऊन बेलफास्टकडे निघालें. अठ्ठावीस हजार फुटांच्या वर गेल्यावर डाव्या इंजिनाच्या पंख्याचें एक पातें तुटलें. विमान थरथरूं लागलें आणि आंत धुराचा वास पसरला. दोष कोणत्या इंजिनांत आहे, हें कांहीं सेकंदांतच ठरविलें गेलें, आणि तें चुकीचें ठरलें. वैमानिकांनीं उजव्या इंजिनाचा जोर कमी केला. तेव्हां थरथरही कमी झाली आणि धूरही विरूं लागला. वस्तुतः त्या वेळीं स्वयंचलित नियंत्रण सोडविल्यामुळें डावें बिघडलेलें इंजिनच तात्पुरतें शांत झालें होतें. आपल्याकडे ज्याला काकतालीय न्याय म्हणतात, त्याचें याहून भयंकर उदाहरण शोधूनही सांपडणार नाहीं. कावळा बसला, फांदी मोडली, आणि कावळ्याच्या भारानेंच ती मोडली असें पाहणाऱ्यांनीं मानलें. धडधाकट इंजिन बंद झालें; जखमी इंजिन चालू राहिलें.

याहून मनाला लागणारी गोष्ट पुढेंच आहे. मुख्य वैमानिकानें प्रवाशांना कळविलें, कीं उजव्या इंजिनांत बिघाड झाल्यामुळें तें बंद केलें आहे. मागील भागांत बसलेल्या कित्येक प्रवाशांनीं ठिणग्या आणि ज्वाळा पाहिल्या होत्या त्या डाव्या बाजूला. सेवकवर्गापैकीं तिघांनींही त्या पाहिल्या होत्या. परंतु ही विसंगति वैमानिकांच्या कानांपर्यंत कोणींच पोंचविली नाहीं. जो अधिकारानें बोलतो त्याला आपल्याहून अधिक ठाऊक असणारच, या विश्वासानें जाणकारांची मान खालीं राहिली. वैमानिक अनुभवी होते. पण त्या नव्या प्रकारच्या विमानांतील दर्शकांचा सराव त्यांना नकली कक्षांत मिळालेला नव्हता. मध्यंतरीं मुख्य वैमानिकानें घडल्या प्रकाराचा फेरविचार आरंभिलाही होता, तोंच जमिनीवरून आलेल्या संदेशानें तो खंडित झाला. ईस्ट मिडलंड्स विमानतळावर उतरतांना अधिक जोर लागतांच डावें इंजिन निकामी झालें. विमान धांवपट्टीच्या अलीकडे, केगवर्थ गांवाजवळ, मोठ्या मोटाररस्त्याच्या बांधावर आदळलें. ४७ माणसें प्राणांस मुकलीं.

आतां दुसरी घटना पाहूं. ती एकवीस वर्षांनंतरची आहे, आणि तींतील बिघाड पहिलीपेक्षां कितीतरी मोठा आहे.

४ नोव्हेंबर २०१० रोजीं सकाळीं ९ वाजून ५६ मिनिटांनीं सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून क्वांटास कंपनीचें एअरबस ए-३८० हें दुमजली विमान सिडनीकडे निघालें. त्यांत ४४० प्रवासी आणि २९ कर्मचारी होते. मुख्य वैमानिक रिचर्ड द क्रेस्पिनी यांची त्या दिवशीं वार्षिक परीक्षा होती. म्हणून नेहमींच्या तिघां वैमानिकांखेरीज कक्षांत आणखी दोघे बसले होते; एक परीक्षक, आणि त्या परीक्षकाचें काम पाहणारा दुसरा ज्येष्ठ परीक्षक. शाळेंत तपासणीसाठीं साहेब यावेत आणि साहेबांना तपासण्यासाठीं त्यांच्या मागून थोरले साहेब यावेत, तशांतलाच हा प्रकार.

उड्डाणानंतर चार-पांच मिनिटांनीं, विमान इंडोनेशियाच्या बातम बेटावर सात हजार फुटांच्या उंचीवर असतां, दोन धडाके ऐकूं आले. मुख्य वैमानिकानें विमानाचें चढणें थांबवून त्याला सरळ, समपातळींत ठेविलें. पडद्यावर पहिला इशारा उमटला तो दुसऱ्या क्रमांकाच्या इंजिनांत अतिरिक्त उष्णता असल्याचा. यादीनें सांगितलेला उपाय असा होता, कीं त्या इंजिनाचा जोर पूर्ण कमी करावा आणि ३० सेकंद निरीक्षण करावें. तीस सेकंद म्हणजे श्लोक-दीड श्लोक म्हणण्याइतका अवधि. पण धडाका ऐकलेल्या माणसाला तो युगासारखा वाटावा. तेवढ्यांत आगीचा इशारा क्षणभर दिसून गेला. तेव्हां तें इंजिन बंद करून अग्निशामक द्रव्य सोडण्याचें ठरलें. द्रव्य सुटलें कीं नाहीं, याची खूण मात्र पडद्यावर मिळाली नाहीं.

वास्तविक त्या इंजिनाच्या आंतील एक अवजड धातूची तबकडी निखळून फुटली होती, आणि तिचे तुकडे डाव्या पंखाच्या आरपार गेले होते. पंखांत इंधनाच्या टांक्या असतात, विजेच्या तारा असतात, द्रवाच्या दाबानें चालणाऱ्या नियंत्रणाच्या नळ्या असतात. त्यांतील कित्येक तुटल्या. त्यामुळें पहिल्या इशाऱ्यामागून चाळीसहून अधिक इशारे एकापाठोपाठ एक उमटत गेले. उरलेल्या तिन्ही इंजिनांचें नियंत्रण उणावलें. विजेचा पुरवठा कांहीं भागांत बंद पडला. रोधकांची शक्ति घटली. इंधन बाहेर टाकून वजन कमी करण्याची सोयही गेली. यंत्र आपल्या प्रत्येक जखमेची तक्रार एकाच वेळीं करूं लागलें.

अशा वेळीं ताबडतोब मागें फिरून उतरावें, असें आपणां सर्वांना वाटेल. द क्रेस्पिनी यांनीं तसें केलें नाहीं. विमान उडत आहे आणि हाताला प्रतिसाद देत आहे, एवढें निश्चित झाल्यावर त्यांनीं विमानतळापासून तीस सागरी मैलांच्या आंत राहून घिरट्या घालण्याची परवानगी मागितली, आणि यादींतील एकेक उपाय क्रमानें हातावेगळा करण्याचें ठरलें. सहवैमानिकानें वाचावें, मुख्य वैमानिकानें विमान सांभाळून संमति द्यावी, आणि मागील तिघांनीं पडताळा पाहावा, असें हें काम सुमारें पन्नास मिनिटें चाललें. उतरण्याची घाई केली असती, तर रोधक किती लागतील आणि धांवपट्टी किती पुरेल, याचा हिशोबच झाला नसता.

या पन्नास मिनिटांतील तीन प्रसंग विशेष ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग मुख्य वैमानिकाच्या मताचा. उरलेलीं इंजिनेंही बंद पडलीं तर तरंगत उतरतां यावें, म्हणून दहा हजार फुटांपर्यंत चढावें असें त्यांच्या मनांत आलें. इतरांना तें पटलें नाहीं. जखमी इंजिनांकडून अधिक जोर मागणें त्यांना धोक्याचें वाटलें. अंतिम अधिकार मुख्य वैमानिकाचाच होता. तरी त्यांनीं आपला विचार सोडून दिला आणि विमान होतें त्याच उंचीवर ठेविलें.

दुसरा प्रसंग प्रवाशांमधील एकाच्या बोलण्याचा. आरंभीं सेवकवर्गाच्या प्रमुखानें वैमानिकांना तातडीनें बोलावण्याचा प्रयत्न केला होता. परंतु कक्षांतील इशाऱ्यांच्या गलबल्यांत तोही नाद मिसळून गेला, आणि वैमानिकांनीं तो आणखी एक इशारा समजून बंद केला. इतक्या जागरूक मंडळींच्या हातूनही हें घडलें. पुढें विमानाची स्थिति डोळ्यांनीं पाहण्यासाठीं तिसऱ्या वैमानिकाला प्रवाशांच्या भागांत पाठविण्यांत आलें. तेथें प्रवासी म्हणून बसलेल्या त्याच कंपनीच्या एका वैमानिकानें त्याला थांबवून समोरचा पडदा दाखविला. विमानाच्या शेपटावरील कॅमेऱ्याचें चित्र त्यावर दिसत असे. आणि त्यांत डाव्या पंखांतून कांहीं द्रव वाहत असलेला दिसत होता. खालच्या मजल्यावर जाऊन पाहतां पंखाचीं भोंकें आणि गळतें इंधन प्रत्यक्ष दिसलें. केगवर्थच्या विमानांतही पाहणारे डोळे होते. येथें पाहणाऱ्यानें तोंड उघडलें, आणि ऐकणारा आपण होऊन त्याच्यापर्यंत चालत गेला. फरक एवढाच होता.

तिसरा प्रसंग यादीच्या मर्यादेचा. एका बाजूच्या टांक्या रित्या होत चालल्यानें विमानाचा तोल बिघडत होता. अशा वेळीं जड बाजूचें इंधन हलक्या बाजूस वळवावें, हा यादींतील नेहमींचा उपाय. परंतु हलकी बाजू गळत होती. तिकडे इंधन पाठविणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. मंडळींनीं विचार करून तो उपाय टाळला. नियम पाठ असणें वेगळें आणि नियमाचें प्रयोजन कळणें वेगळें, असें संस्कृत व्याकरण शिकवितांना जुने पंडित सांगत असत. सूत्र कोठें लागतें हें जितकें शिकावयाचें, तितकेंच तें कोठें लागत नाहीं हेंही.

बिघाडांची संख्या मनांत मावेनाशी झाली, तेव्हां द क्रेस्पिनी यांनीं विचाराची दिशा उलटी केली, असें त्यांनीं मागाहून सांगितलें आहे. काय काय गेलें याची मोजदाद सोडून काय काय शिल्लक आहे, हें ते पाहूं लागले. एका साध्या, छोट्या विमानाला उडण्यास व उतरण्यास जेवढें लागतें, तेवढें आपल्यापाशीं आहे ना? इंधन आहे, इंजिनें चालत आहेत, वळतां येतें, चाकें खालीं सोडतां येतील, थोडेफार रोधक आहेत. तेवढ्यावर उतरतां येईल. चाळीस तक्रारींचें ओझें याप्रमाणें पांच-सहा शिलकी गोष्टींच्या हिशोबांत आलें.

त्यानंतर उतरण्याचें गणित मांडलें गेलें. विमानाचें वजन सुमारें ४४० टन होतें. उतरतांना असावयाच्या कमाल मर्यादेहून सुमारें ५० टन अधिक. पहिल्या खेपेस संगणकानें उत्तरच दिलें नाहीं. सहवैमानिक आणि ज्येष्ठ परीक्षक यांनीं घातलेले आंकडे पुन्हां तपासले. धांवपट्टी ओली धरली होती, ती प्रत्यक्षांत कोरडी होती. दुरुस्ती करतांच उत्तर आलें, कीं ४,००० मीटर लांबीच्या धांवपट्टीवर थांबल्यावर १०० मीटर शिल्लक राहतील. वरच्यावर विमानाला हलकेच वळवून तें ताब्यांत राहतें कीं नाहीं हें पाहिलें गेलें. चाकें त्यांच्या स्वतःच्या वजनानें खालीं सोडावीं लागलीं. ११ वाजून ४६ मिनिटांनीं विमान टेकलें, आणि धांवपट्टीचें टोंक सुमारें १५० मीटर उरलें असतां थांबलें.

आतां संकट संपलें असें वाटावें, तर तेंही नव्हतें. चाकांचे रोधक ९०० अंशांपर्यंत तापले होते, जवळच पंखांतून इंधन गळत होतें, आणि तारा तुटल्यामुळें पहिल्या क्रमांकाचें इंजिन बंदच होईना. घसरगुंड्या उघडून सर्वांना बाहेर काढावें, तर माणसें इंधनांत आणि चालत्या इंजिनापुढें जाऊन पडतील. आंत ठेवावें, तर आगीचें भय. अग्निशामक दलानें फेंस आणि पाणी मारून धोका आटोक्यांत आणीपर्यंत प्रवाशांना आंतच बसवून ठेवण्याचें ठरलें. इतर दारांपाशीं सेवक सज्ज उभे राहिले, आणि उजव्या बाजूच्या एकाच दारांतून, शिडीनें, सर्व प्रवासी उतरविण्यांत आले. तें हट्टी इंजिन विझविण्यास विमान टेकल्यापासून सुमारें तीन तास लागले. विमानांतील ४६९ जणांपैकीं एकालाही इजा झाली नाहीं.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक-सुरक्षा मंडळानें जून २०१३ मध्यें आपला अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. इंजिनांतील तेलाच्या एका लहानशा नळीचें भोंक घडवितांना किंचित् तिरकें पडलें होतें. त्यामुळें नळीची एक बाजू पातळ राहिली. तींत तडा गेला, तेल गळून पेटलें, आणि त्या आगीनें तबकडी निखळली. कारखान्यांतील केसाएवढ्या न्यूनानें एवढा अनर्थ ओढवला. विमान दुरुस्त होऊन २०१२ सालीं पुन्हां उडूं लागलें.

या पांच वैमानिकांच्या कथेंत मला सर्वांत मोलाची वाटते ती मागें बसलेल्या दोघां परीक्षकांची वागणूक. ते अधिकारानें कमी नव्हते. तरी त्यांनीं सूत्रें आपल्या हातीं घेतलीं नाहींत. आणि परीक्षक म्हणून केवळ गुण मांडीत मूकही बसले नाहींत. आपल्या श्रौतयज्ञांत होता, अध्वर्यु, उद्गाता आणि ब्रह्मा असे चार मुख्य ऋत्विज असतात. पहिले तिघे पठण, कर्म आणि गायन करितात. ब्रह्मा हा दक्षिणेस बसून बहुतांशीं मौनानें सर्व कर्मावर दृष्टि ठेवितो, आणि कोठें न्यून राहिलें तर तें सांगून प्रायश्चित्त करवितो. चौघांत तो अधिक जाणता. पण अध्वर्यूच्या हातांतला स्रुवा हिसकावून तो स्वतः आहुति देऊं लागत नाहीं. योग्य वेळीं बोलणें आणि इतर वेळीं न बोलणें, हेंच त्याचें कर्म. त्या कक्षांतील दोघां वडीलधाऱ्यांनीं तें उत्तम केलें.

हें केवळ स्वभावानें साधतें असें नाहीं. तें शिकवावें लागतें. १९७९ सालीं अमेरिकेंत 'नासा' या संस्थेनें या प्रश्नावर तज्ज्ञांची बैठक भरविली, आणि तेव्हांपासून कनिष्ठानें निर्भयपणें बोलावें व ज्येष्ठानें तें ऐकून घ्यावें, याचें रीतसर शिक्षण विमानकंपन्यांत रूढ होत गेलें. केगवर्थनंतर त्यांत सेवकवर्गाचाही विचार अधिक आग्रहानें होऊं लागला.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपणां वाचकांना यांतून घेण्यासारखें आहे, असें मला वाटतें. मध्यरात्रीं घरांतील वडिलांच्या छातींत कळ येते. चार कर्ते पुरुष एकाच वेळीं आज्ञा देऊं लागतात. संध्याकाळीं त्यांना कोणतें औषध किती दिलें, हें ज्या धाकट्या सुनेला नक्की ठाऊक असतें, ती मात्र दाराआड उभी राहते. कारण मोठ्यांच्या बोलण्यांत मध्यें बोलूं नये असें तिला शिकविलेलें असतें. तिचें मौन ही मर्यादा म्हणून आपण वाखाणतों. त्या रात्रीं त्या मौनाची किंमत काय पडेल, याचा विचार करीत नाहीं. वडीलधाऱ्यांचा मान राखणें ही आपल्या घरांची शोभा आहे, आणि ती राहावी. परंतु मान राखून बोलण्याची वाट मोकळी ठेवणें, हें वडिलांचेंच काम आहे. धाकट्यांनीं ती स्वतः फोडावी अशी अपेक्षा करणें न्यायाचें नाहीं. निर्णय देण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकाला, अगदीं लहानालाही, "तूं काय पाहिलेंस?" एवढें विचारण्याची संवय कर्त्या माणसानें शांततेच्या दिवसांत लावून घ्यावी. संकटाच्या घटकेस ती नव्यानें लागत नाहीं.

आपलीं मुलें आणि नातवंडें आज ज्या विमानांत बसून समुद्र ओलांडतात, त्यांच्या पुढील कक्षांतील माणसांना ही संवय मुद्दाम लाविलेली असते. निरोप देऊन घरीं परतणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेविलें, तर त्या रात्रीं त्यांना थोडी तरी झोंप लागेल.